फूटपट्टीवाल्या सरांना, मनापासून थँक्यू

सर, तुम्हाला कदाचित आठवणारही नाही, तुमच्यासाठी तो वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल होता, पण माझे त्याआधीचे चार महिने कसे गेले ते माझं मलाच माहीत.

जानेवारी २०२२ मध्ये पॅसिफिकमधल्या हुंगा टोंगा ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्याचे सल्फ्युरिक ॲसिडचे बारीक थेंब स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, पसरले आणि आमच्या लायडारचा (लेझर सोडून परत आलेल्या प्रकाशावरून हवेतले कण मोजणारं यंत्र) ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर रोज रात्री त्यांच्यावर आपटून परत येत होता. आणि माझा ग्राफ? खालच्या उंचीवर बॅकस्कॅटर रेशो (परत आलेला प्रकाश नुसत्या स्वच्छ हवेच्या किती पट) एकच्याही खाली! म्हणजे हवा स्वच्छ हवेपेक्षाही स्वच्छ. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकतर "अलाइनमेंट गंडलंय" म्हणून हात झटकले, नाहीतर "हा डेटा टाकून दे" असा फुकटचा सल्ला दिला. एकानेही कच्चा सिग्नल उघडून बघितला नाही हो. आणि वर मलाच ऐकवलं की तुला मशीन नीट हाताळता येत नाही.

तुम्ही मात्र ग्राफ बाजूला ठेवायला सांगितलात, कच्चा सिग्नल मागितलात आणि चक्क प्लास्टिकची फूटपट्टी स्क्रीनला लावलीत, नुसत्या हवेचा सिग्नल उंचीबरोबर जसा उतरायला हवा त्या रेषेवर. मग गप्प बसलात. तेच मला सगळ्यात भिडलं. उत्तर तुम्हाला पहिल्या सेकंदाला दिसलं असणार, तरी मी डोळे फाडून बघेपर्यंत थांबलात. २७ किमीच्या आसपास सिग्नल पट्टीच्या वर उचललेला होता. मी म्हटलं, "सर, इथे हवा स्वच्छच नाहीये!" तुम्ही फक्त "हं" म्हणालात.

आमचा जुना प्रोग्राम नेमकी तीच उंची 'स्वच्छ' धरून बाकी सगळं त्यावरून मोजत होता, आणि हा पठ्ठ्या ज्वालामुखी नेहमीच्या थरांपेक्षा कितीतरी वर माल टाकून बसलेला. १९९१ मध्ये फुटलेल्या पिनाटुबो ज्वालामुखीने सगळ्या जगाचं तापमान साधारण अर्ध्या डिग्रीने उतरवलं होतं, असल्या थरांचं मोजमाप चुकून कसं चालेल? आणि मी तो डेटा डिलीट करायला निघाले होते, विचार करा.

ओळख नाही, देणंघेणं नाही, तरी वेळ दिलात. अशी माणसं असतात म्हणून तर आमच्यासारख्यांचं निभतं. थीसिसमध्ये नाव टाकू का विचारलं तर हसून विषय बदललात.

असो. रेफरन्स (ती 'स्वच्छ' धरायची उंची) आता ३५ किमीवर नेलाय. प्रोग्राममध्ये त्या ओळीशेजारी कॉमेंट टाकलीये: "आधी फूटपट्टी लावून बघ."