नाना, तुम्ही मला डावा हात ऐकायला शिकवलंत

नाना,

सादर नमस्कार. तुम्ही मोबाइलवर वाचत नाही, त्यामुळे तुमचा नातू हे मोठ्याने वाचून दाखवेल. आभार घरी येऊनही मानता आले असते. पण जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात लग्नाच्या बँडच्या गाडीवर बसून कॅसिओ वाजवणारी माझ्यासारखी पुष्कळ पोरं आहेत. तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

नाशिकच्या एका मित्राने मला एक इंग्रजी अल्बम पाठवला होता. बेन फोल्ड्स या अमेरिकन गायकाचा "रॉकिन द सबर्ब्स". याचा आधी तिघांचा बँड होता: पियानो, बेस आणि ड्रम. गिटार नाहीच, आणि तरी रॉक. तिघंच असून बँडच्या नावात मात्र "फाइव्ह". २००० साली तो बँड मोडला आणि पुढच्या वर्षी त्याने एकट्याच्या नावावर हा अल्बम काढला. त्यातली बहुतेक सगळी वाद्यं त्याने स्वतःच वाजवली. ११ सप्टेंबर २००१ ला, न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे पडले त्याच दिवशी, तो बाजारात आला. बारा गाणी आहेत.

मला तो पहिल्यापासून आवडला, पण आत शिरता येईना. पियानो एकटा वाजत असला तरी दोन माणसं वाजवताहेत असं वाटायचं. कॅसिओवर उजव्या हाताने चाल उचलली की ती पोकळ वाटायची. शिकवणारे व्हिडिओ पाहिले तर ते सगळं स्टाफ नोटेशनमधून, म्हणजे पाच रेषांवर लिहिलेल्या पाश्चात्त्य सुरांच्या लिपीतून सांगत, आणि मला ते वाचता येत नाही. अमळनेरात हे कुणाला विचारणार? तुमच्याकडे आलो तो खरं तर पेटीवर एक अभंग बसवून घ्यायला. हरिपाठ संपला होता, तुम्ही पेटीचा भाता लावत होतात. माझ्या फोनवर त्या अल्बममधलं एक गाणं सुरू होतं, ते मी बंद करायला गेलो तर तुम्ही हात धरलात.

तुम्हाला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. गाणारा कोण, कुठला, हेही तुम्ही विचारलं नाही. डोळे मिटून एक कडवं ऐकलंत आणि म्हणालात, "याना डावा हात मोकळा शे." म्हणजे याचा डावा हात मोकळा आहे.

नाना, तेवढ्या एका वाक्याने माझं काम झालं. पेटीवाल्याचा डावा हात भात्यात अडकलेला असतो. माझा डावा हात कॅसिओच्या सूर वाकवायच्या चाकावर अडकलेला होता. नवरी निघताना सनईच्या आवाजात सूर वाकवायचा, लोकांच्या डोळ्यात पाणी आणायचं, तर ते चाक हवंच. आमच्या धंद्यात ज्याचं चाक चांगलं फिरतं त्याला सुपारी मिळते. म्हणजे तुमचा आणि माझा दोघांचाही एक हात सुरांच्या बाहेर होता, आणि या माणसाचे दोन्ही हात आत होते. मी इतके दिवस नुसता उजवा हात ऐकत होतो, कारण मला वाजवायला तेवढाच माहीत होता.

मग तुम्ही मला ते गाणं परत लावायला सांगितलंत, आणि फक्त खालचे सूर ऐक म्हणालात. चाल ऐकायची नाही, शब्द ऐकायचे नाहीत. हे फार अवघड आहे. कान पुन्हा पुन्हा वर पळतो. तुम्ही बोटाने गुडघ्यावर खालचे ठोके देत राहिलात, आणि हळूहळू मला तो हात ऐकू यायला लागला. थोड्या वेळाने तुम्ही म्हणालात, "हाऊ पेटीवाला नही रे भो, हाऊ ढोलकीवाला शे." हा पेटीवाला नाही, ढोलकीवाला आहे. मी घरी जाऊन शोधलं. हा माणूस तरुणपणी मायामी विद्यापीठात तालवाद्यं शिकायला गेला होता, शिष्यवृत्तीवर! या अल्बमवरचे ड्रमही त्याचेच. हे सांगायला मी दुसऱ्या दिवशी सकाळीच तुमच्या दारात उभा राहिलो, तेव्हा तुम्हाला काही नवल वाटलं नाही. "वाजवण्यात दिसतंच ते," एवढंच म्हणालात.

त्याचं कारणही तुम्हीच समजावलंत. पेटीत हवा असेपर्यंत सूर टिकतो, आणि भात्याचा जोर वाढवला की धरलेला सूर मध्येच फुगवता येतो. पियानोत तारेवर नमद्याची हातोडी आपटते, आणि आपटली त्या क्षणापासून आवाज उतरायला लागतो. पायाखालचं पेडल दाबलं तर तो जरा लांबतो, पण वाढत नाही. म्हणून पियानोवाल्याला परत परत मारावंच लागतं. पियानो सुरांचं वाद्य आहे तितकंच ठोक्याचंही आहे, हे कळल्यावर गिटार नसलेला रॉक कसा उभा राहतो ते मला कळलं. या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात एक बाई कुणाच्या तरी फोनची वाट बघत बसलीय. शब्दांत सगळं थांबलेलं आहे, आणि पियानो मात्र एक क्षण थांबत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट त्यानंतरची. मी विचारलं होतं की, नाना, पियानोवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, चाक नाही, मग हा माणूस रडवतो कसा? तुम्ही पेटीवर नुसता सा धरलात. मला कॅसिओवर खालच्या सप्तकात आधी सा, मग ध, मग म वाजवायला लावलंत. वर तुमचं बोट हललंसुद्धा नाही, आणि तो एकच सा तीन वेळा तीन तऱ्हांनी वाजला. पहिल्यांदा घरी असल्यासारखा, दुसऱ्यांदा उदास, तिसऱ्यांदा कुठेतरी निघाल्यासारखा. तुम्ही म्हणालात, आपल्याकडे तंबोऱ्याचा सा हलत नाही आणि वरचे सूर त्याच्याभोवती फिरतात. या लोकांकडे वरचा सूर जागेवर राहतो आणि खालची जमीन सरकते.

आता या अल्बममधलं बापाने आपल्या लहान लेकाला सांगितलेलं गाणं मी त्या कानाने ऐकतो. मोठं होणं दुखतं, मलाही अजून जमलेलं नाही, असं तो बाप सांगतो. चाल साधी आहे, शाळेतल्या पोराला म्हणता येईल. त्यातलं दुखणं कुठून येतं ते आता मला ऐकू येतं. अल्बमच्या शेवटचं संथ प्रेमगीतही तसंच आहे. तिथे डावा हात इतकं थोडं वाजवतो की प्रत्येक सुराची वाट बघावी लागते. माझ्या मते अल्बमचं नाव ज्या गाण्यावर आहे तेच त्यातलं सगळ्यात कमी टिकणारं. ते तुम्हीही अर्ध्यात बंद करायला सांगितलं होतंत.

एका गाण्याबद्दल मात्र लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वर्तमानपत्रात पंचवीस वर्षं काम केलेला माणूस, त्याचा शेवटचा दिवस. नवी माणसं आली आहेत, त्याला ओळखणारं कुणी उरलेलं नाही. निरोप नाही, काही नाही. तो घरी जातो, तळघरात कॅनव्हासवर स्लाइड पाडून तिच्यावरून चित्र काढतो, आणि स्लाइड बंद केल्यावर ते चित्र त्याला बरोबर वाटत नाही. मी तुम्हाला हे अहिराणीत सांगितलं तेव्हा तुम्ही आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवले होते हे माझ्या ध्यानातच नव्हतं. ऑफसेट आल्यावर तुमचं काम कसं थांबलं, हे तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा बोललात. शिसाचे खिळे उलटे वाचायची डोळ्यांना इतकी सवय झाली होती की अजूनही दुकानांच्या पाट्या काचेत आधी वाचता येतात, म्हणालात. मग तुम्ही विचारलंत की त्या माणसाला शेवटच्या दिवशी कुणी निदान चहा तरी पाजला का. मी म्हणालो, गाण्यात तसं काही नाही. तुम्ही गाणं परत लावायला सांगितलंत, आणि या वेळी डावा हात, उजवा हात काहीच बोलला नाहीत. मी हे गाणं कितीदा तरी ऐकलं होतं, पण त्याचा माणूस मला तुमच्या ओट्यावर भेटला.

या श्रावणात आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाला आमचा बँड होता. मी कॅसिओचा तयार ठेका बंद केला, चाकावरचा हात काढला आणि बायका म्हणतात त्याच चालीखाली डाव्या हाताने खर्ज (खालचा सूर) फिरवला. सगळीकडे नाही, तुम्ही दाखवलं होतंत तसा, फक्त जिथे ओळ संपते तिथे. गाणाऱ्या बायका अडखळल्या नाहीत, त्यांचा सूर कुठे सुटला नाही. म्हणजे खालचं बरोबर बसलं होतं. ऑक्टोपॅडवर (इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर) ठेका धरणाऱ्या पोराने मागे वळून बघितलं आणि नंतर विचारलं, हे कुठून शिकलास? मी तुमचं नाव सांगितलं. त्यालाही आता यायचंय तुमच्याकडे, अल्बम ऐकायला. नाही म्हणू नका.

शिकवणीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, विषयच काढू दिला नाहीत. गेल्या वेळी भाता एका कोपऱ्यात हवा सोडतो म्हणाला होतात. त्यासाठी चांगलं चामडं मिळालंय, रविवारी हरिपाठाच्या आधी घेऊन येतो. सोबत स्पीकरही आणतो, फोनच्या आवाजात खर्ज अर्धाच ऐकू येतो. एक गाणं अजून तुम्ही ऐकलेलं नाही. मैफलीत ते म्हणताना हा माणूस समोर बसलेल्या लोकांचे तीन भाग करतो आणि तिघांकडून तीन वेगळे सूर एकदम गाऊन घेतो. आपल्या हरिपाठाच्या मंडळींकडून ते होईल का, हे तुम्हालाच विचारायचंय.

तुमचा,
बँडच्या गाडीवरचा कॅसिओवाला,
अमळनेर