शेट्टीहळ्ळीचे चर्च पाहायला जाताना

संपादक महोदय,

पावसाळा तोंडावर आला की पर्यटन पुरवण्यांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातील शेट्टीहळ्ळीचे ‘बुडणारे चर्च’ हमखास झळकू लागते. मार्चअखेरीस मी ते पाहून आलो आणि जे पाहिले त्यावरून, तिथे जाऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकांसाठी दोन गोष्टी लिहाव्यात असे वाटले.

फ्रेंच मिशनऱ्यांनी १८६०च्या सुमारास बांधलेले हे रोझरी चर्च. (अनेक लेखांत त्याचे श्रेय फ्रेंच मिशनरी आबे द्युब्वा यांना दिले जाते, ते १८२३ मध्येच भारत सोडून गेले आणि १८४८ मध्ये वारले, हे ध्यानात घेतले असते तर ही चूक इतकी फिरली नसती.) गोरूर येथे हेमावती नदीवरील धरण १९७९ मध्ये पूर्ण झाले, आसपासची वस्ती उठली आणि चर्च जलाशयाच्या बुडीत क्षेत्रात गेले. तेव्हापासून चांगला पाऊस झाला की ते निम्म्याहून अधिक पाण्याखाली जाते आणि उन्हाळ्यात पुन्हा कोरड्यावर येते.

छप्पर केव्हाच गेले आहे. आत उभे राहिले की डोक्यावर आकाश आणि दोन्ही बाजूंना टोकदार कमानींची रांग दिसते. पायाखाली भेगाळलेला गाळ आणि त्यात रुतलेले शिंपले. भिंतींवर पाण्याच्या पातळीचे फिकट पट्टे एकावर एक चढत गेलेले आहेत. त्यातल्या एका पट्ट्याजवळ मी गिलाव्याला सहज बोट टेकवले, तर पापडासारखा फुगलेला चुना हातावर उतरला. याचे कारण उघड आहे. महिनोन्‌महिने विटांत आणि चुन्यात मुरलेले पाणी कडक उन्हात बाहेर पडताना क्षार मागे ठेवते, ते क्षार पृष्ठभागाआड साकळतात आणि गिलाव्याचा पापुद्रा सोडवून टाकतात. दरवर्षी भिजणे आणि दरवर्षी सुकणे हे कायम पाण्यात राहण्यापेक्षा जास्त घातक ठरते. बांधकामाचा काही भाग तर यापूर्वीच ढासळला आहे.

धरणाचे पाणी कोणी थांबवू शकणार नाही, आणि शेती व पिण्याचे पाणी त्यावर अवलंबून असताना तशी मागणीही कोणी करू नये. परंतु कोरड्या महिन्यांत तिथे जे चालते ते मात्र आपल्या हातचे आहे. ज्या चुन्याला बोट लागले तरी तो सुटतो, त्याच चुन्यावर किल्लीने नावे कोरलेली मी पाहिली, त्यांत मराठी नावेही होती. एक कुटुंब गाडी थेट जलाशयाच्या तळातून भिंतीपासून चार हातांवर घेऊन आले होते आणि त्यातला एक तरुण छायाचित्रासाठी खिडकीच्या कमानीत चढून बसला होता. खाली उतरायला सांगितले, तर “पडायचं असतं तर कधीच पडलं असतं,” असे उत्तर मिळाले.

शेट्टीहळ्ळीसारखीच आपल्याकडे उजनीच्या पाण्यातून उघडी पडणारी पळसदेवची मंदिरे आहेत. ती पाहताना आपण निदान उठलेल्या गावाची आठवण काढतो. शेट्टीहळ्ळीच्या बाबतीत मात्र ‘गूढ’ आणि ‘भुताटकी’ असल्या शब्दांवर भागवले जाते, जणू तिथे कधी कोणी राहिलेच नव्हते आणि रविवारची प्रार्थना कधी झालीच नव्हती.

आपल्या पुरवणीत येत्या पावसाळ्यात या चर्चचे छायाचित्र छापले गेले, तर त्याखाली एवढे जरूर छापावे: गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवून पुढे चालत जावे, कमानींवर चढू नये, भिंतींना हात लावू नये आणि पाणी भरलेले असताना काठावरूनच पाहावे, कारण ओल्या गाळात पाय कुठे खचेल याचा अंदाज येत नाही.

आपला,
एक वाचक