अर्णवच्या ओल्या कॉलरविषयी

प्रिय मिलिंद,

अर्णवच्या शर्टांचं ऐकलं. कॉलर चावून चावून पार चोथा, बाही मनगटापासून ओलीचिंब, शाळेतून डायरीत शेरे, आणि वर तुझ्या आत्याचा सल्ला की कॉलरला कडुनिंबाचा रस चोळा. तो रस आधी राहू दे. फोनवर असं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. जरा लांबेल.

‘ही सवय मोडायची कशी?’ असं तू विचारलंस. माझं म्हणाल तर मोडायच्या मागेच लागू नकोस. आमचा नंदूही अर्णवसारखाच स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. आता चाळिशीला टेकला, अजून चावतो. फक्त काय चावायचं ते ठरलंय. कॉलर सोडवली तर तो गालाची आतली बाजू चावायचा, रक्त येईपर्यंत. ओढ तशीच राहते, फक्त जागा बदलते.

एक करून बघ. कानाच्या थोडं पुढे, गालावर बोटं ठेव आणि दाढा घट्ट आवळ. टणक गोळा लागतो ना? तो चावण्याचा स्नायू, आकाराच्या मानाने भलताच ताकदवान. चावताना तो आणि जबड्याचा सांधा मेंदूला जोरकस खबर पाठवतात. काही स्वमग्न मुलांना अशी खबर पुसट पोचते, म्हणून ती जास्त मागून घेतात, आणि गोंगाटात तोच दाब त्यांना शांत करतो, असं ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजच्या कामांतल्या अडचणींवर उपचार करणारे, सांगतात. नंदूकडे बघून मला ते पटतं. ‘लाडावलाय’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांग की संवेदनांची ही कमी-जास्त ओढ २०१३ पासून डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात ऑटिझमच्या निकषांतच आहे.

आता नुसतं बघत बस. नंदूचं चावणं दोन तऱ्हांचं. मिक्सर लागला किंवा मांडवात बँडवाले आले की कॉलर थेट मागच्या दाढांखाली, मान ताठ, डोळे एका जागी. कंटाळला असला की मात्र पुढच्या दातांनी कुरतडणं, मध्येच थांबणं, इकडेतिकडे बघणं. पहिल्या वेळी आवाजापासून बाजूला न्यायचं, दुसऱ्या वेळी हाताला काम द्यायचं. अर्णवचं वेगळं असेल. कधी, कुठे, कशाच्या आधी, ते ज्योतीला आणि तुला वहीत टिपता येईल.

पण त्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जा. सातव्या वर्षी दाढा-दात येत-पडत असतात, एखादी किडलेलीही असेल, आणि अर्णव दुखतंय म्हणून सांगणार नाही. आणखी एक, तो नुसतं चावतो की गिळतोही? माती, कागद, भिंतीचे पोपडे पोटात जात असतील तर ते प्रकरण वेगळं, त्याला पायका म्हणतात. मग बालरोगतज्ज्ञांना सांगून रक्तातलं लोह आणि शिसं तपासून घे. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. तुमच्या वाड्याच्या दारांचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा, आणि सुट्टीत पोरगं तिथेच असतं. रिमोटमधले बटण सेलही उंचावर ठेव. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत जाळतो. संशय आला तरी थेट हॉस्पिटल गाठायचं, वाट बघायची नाही.

उपाय म्हणशील तर आपल्या स्वयंपाकघरातच बरेच आहेत. शाळेला निघण्याआधी गाजर, खाकरा, शेंगदाण्याची चिक्की, बी काढलेली खारीक. घट्ट लस्सी स्ट्रॉने ओढायला दे, ओठांना नि गालांना चांगलं काम पडतं. मात्र बसून खायचं, पळापळ करत नाही. चावायच्या सिलिकॉनच्या नळ्या मिळतात. एकसंध, फूड ग्रेड घे. दोरीची असेल तर ओढल्यावर सुटणारी हवी, आणि झोपताना काढून ठेवायची. चीर दिसली की फेकून द्यायची, तिथे काटकसर नको.

थेरपिस्ट जरूर गाठ, पण कान उघडे ठेवून. संवेदनांच्या थेरपीचा पुरावा अजून तोकडा आहे, हे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच म्हटलंय. काय बदलायला हवं आणि किती दिवसांत, हे आधीच ठरवून घ्या. ऑटिझम बरा करून देतो म्हणणारा भेटला तर चपला घालून बाहेर पड.

शाळेचं राहिलं. वर्गासमोर ‘तोंडातून काढ’ म्हणून ओरडणं बंद झालं पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करण्याची तरतूदही. भांडायला जाऊ नकोस, मुख्याध्यापिकांना साधं पत्र दे, नळी वापरू द्या म्हणून. मसुदा मी करून देतो.

एक नवी नळी कुरिअरने टाकलीय, मध्यम कडक. पहिल्यांदा तू स्वतः चावून दाखव, तो आपोआप हात पुढे करेल. नाहीच केला तर कळव, दुसऱ्या पोताची बघू.

तुझा,
विनायक