उभ्या विमानाचा खर्च : नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

मी एका विमानाचा पाव मालक आहे. सेसना १७२, चार आसनी, एका इंजिनाचे, आमच्यातल्या सर्वांत धाकट्या भागीदाराच्या जन्माआधीचे. चौघांनी मिळून घेतले आणि चौघे मिळून पोसतो. 'खासगी विमानाचा मालक' म्हटल्यावर समोरच्याच्या डोळ्यांपुढे चामड्याच्या खुर्च्यांचे जेट उभे राहते. आमच्या विमानात शेजारी बसलेल्या माणसाचा खांदा आपल्या खांद्याला लागतो आणि एकमेकांचे बोलणे ऐकू यायला हेडफोन घालावे लागतात. १९५६ पासून या जातीची चव्वेचाळीस हजारांहून अधिक विमाने बनली. जगातल्या कितीतरी वैमानिकांचे पहिले उड्डाण यातच झाले आहे.

हे पत्र पैशांबद्दल आहे, पण करमाफी मागायला लिहिलेले नाही. हौसेला मोल नसते हे आम्हाला विमान घेण्याआधीही ठाऊक होते. मला दाखवायचे आहे ते एवढेच, की आमच्या खर्चाची घडण विचित्र आहे आणि ती लक्षात न घेता केलेला नियम कधी कधी नेमका उलटा परिणाम करतो.

लोक पहिला प्रश्न विचारतात तो पेट्रोलचा. तासाला तीस-बत्तीस लिटर लागते, आणि ते झोंबते, खोटे कशाला बोलू. पण आमच्या वहीत दोन रकाने आहेत. दुसऱ्या रकान्यात पेट्रोल, तेल, उतरण्याचे शुल्क असे उडाल्यावर होणारे खर्च येतात. पहिल्या रकान्यात हँगरचे भाडे, विम्याचा हप्ता, वार्षिक तपासणी, ट्रान्सपाँडरची (रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्राची) चाचणी, नकाशांची वर्गणी. विमान वर्षभर जागचे हलले नाही तरी हा रकाना भरतोच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे आमचे एक भागीदार दर तपासणीनंतर म्हणतात. त्यात कोंबडी उडाली नाही तरी मसाला वाटावाच लागतो!

आता हिशेब पाहा. वर्षाला शंभर तास उडालो तर पहिला रकाना शंभरात वाटला जातो. पन्नासच उडालो तर प्रत्येक तासावर त्याचा बोजा दुप्पट. आणि हात आखडला की माणूस काय करतो? मोटार कमी बाहेर काढतो, तसे विमानही कमी बाहेर काढतो. मोटारीच्या बाबतीत ते शहाणपणाचे असेल. इथे नाही.

त्याचे कारण इंजिनात आहे. आमच्या लायकमिंग कंपनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या बाजूला बसवलेला असतो. इंजिन थांबले की त्याच्यावरचे तेल हळूहळू खाली उतरते आणि पोलाद उघडे पडते. दर लिटर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी तयार होते. बहुतेक धुरातून निघून जाते, थोडे इंजिनातल्या तेलात उतरते. अर्धा-पाऊण तास नीट उड्डाण झाले की तेल तापून ते पाणी वाफ होऊन जाते. विमान आठवडेच्या आठवडे उभे राहिले की कॅमवर गंज चढतो, मग तो गंज कानसीसारखे काम करतो. 'निदान जमिनीवर दहा मिनिटे सुरू करून ठेवा' हा सल्ला तर रोगापेक्षा औषध वाईट या जातीचा, कारण तेवढ्याने पाणी तयार होते पण तेल पुरेसे तापत नाही. उडून झिजलेल्या इंजिनांपेक्षा मला उभी राहून कुजलेली इंजिने जास्त भेटली आहेत.

वैमानिकाचेही तेच. प्रवासी बसवायचा असेल तर मागच्या नव्वद दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन उतरणी झालेली हवीत, असा नियम अमेरिकेत आणि युरोपात आहे. मला तो किमान वाटतो. तीन महिन्यांत तीनदाच उतरलेल्या माणसाशेजारी, आडवा वारा असताना, मी माझ्या मुलीला बसवणार नाही. मग तो माणूस मी स्वतः का असेना.

म्हणून, महोदय, कोणताही नवा नियम करताना एक प्रश्न टेबलावर ठेवावा : हा खर्च पहिल्या रकान्यात जातो की दुसऱ्या? आणि वर्षाला पन्नास तास उडणाऱ्याला तो किती कमी उडायला लावेल?

इंजिनाचेच उदाहरण पुढे नेतो. आमच्या इंजिनाचा निर्माता सांगतो, २,००० तास किंवा १२ वर्षे, जे आधी होईल तेव्हा ओव्हरहॉल करा, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्याने जुळवा. पन्नास तासांच्या हिशेबाने २,००० तास व्हायला ४० वर्षे लागतील. वर्षांची अट पाळायची तर ६०० तासांवरच इंजिन उघडायचे. म्हणजे आयुष्यभरातल्या सर्वांत मोठ्या बिलाचा बोजा दर तासाला तिपटीहून जास्त. अमेरिकेत खासगी वापराच्या विमानाला ही मुदत म्हणजे शिफारस आहे, सक्ती नाही. तिथे मालक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब किती धरतो ते, मोजतो, बोरोस्कोपच्या बारीक नळीतून सिलिंडरच्या आत डोकावतो, तेलाचा फिल्टर कापून धातूचे कण शोधतो, तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. इंजिन निरोगी असेल तर चालू ठेवतो. माणसाचे वय पाहून कुणी त्याचे हृदय काढून ठेवत नाही. शिफारस ही शिफारसच राहू द्या आणि तपासणी हवी तेवढी कडक करा. आमची तक्रार नाही.

दुसरी गोष्ट हाताला काळे लावण्याची. तेल बदलणे, स्पार्क प्लग साफ करणे, टायर बदलणे ही कामे अमेरिकेत वैमानिक-मालकाला स्वतः करून नोंदवहीत सही करता येते. युरोपातही ठरावीक कामांना तशी मुभा आहे. कॅनडा तर आणखी पुढे गेला. तिथे काही साध्या, जुन्या विमानांसाठी मालकाने देखभाल करण्याचा वेगळा वर्गच आहे. एकदा केवळ तेल बदलल्याच्या सहीसाठी आमचे विमान तीन आठवडे उभे होते, कारण सही करणाऱ्या अभियंत्याला सवड नव्हती. तीन आठवडे म्हणजे काय, ते वर कॅमच्या गोष्टीत सांगितलेच आहे. शिवाय हाताने काम करणाऱ्याला आपल्या विमानाची सैल झालेली नळी आधी दिसते.

सगळे नियम वाईट असे मी म्हणत नाही. अपघातानंतर आपोआप संदेश देणाऱ्या यंत्राचे उदाहरण घ्या. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी जुन्या यंत्रांचा १२१.५ मेगाहर्ट्झवरचा संदेश ऐकणे बंद केले आणि ४०६ मेगाहर्ट्झचे नवे यंत्र घ्यावे लागले. जुन्या यंत्रांनी इतके खोटे इशारे दिले होते की ऐकणारेच कंटाळले होते. तो खर्च मी कुरकुर न करता केला. पण विमान हवेतून पडायच्या बेतात आहे हे आधी सांगणारे साधे उपकरण, पंखाचा आणि वाऱ्याचा कोन दाखवणारे, लहान विमानात बसवायचे तर प्रमाणपत्रांची रास उपकरणापेक्षा महाग पडत असे. २०१४ मध्ये अमेरिकेने त्याची मंजुरी सोपी केली. असे नियम दुरुस्त होऊ शकतात.

शिशाबद्दल थोडक्यात. आमचे पेट्रोल अजून शिसेयुक्त आहे आणि ते जायलाच हवे. मोटारींचे शिसेयुक्त पेट्रोल २०२१ मध्ये अल्जीरियात थांबले आणि जगातून संपले. आम्ही मागे राहिलो. शिसे गेले तर आमचेच प्लग कमी काजळतील. विनंती इतकीच, की जुन्या इंधनावर बंदीची तारीख घालण्याआधी नवे इंधन लहान धावपट्ट्यांवरच्या पंपांत आलेले असावे. नाहीतर पुन्हा विमाने उभी.

शेवटचा मुद्दा छोटा आहे पण मला फार खुपतो. सरावासाठी एकामागून एक दहा वेळा उतरून लगेच उडालो तर काही ठिकाणी दहा उतरणींचे शुल्क लागते. म्हणजे ज्या गोष्टीने मी सुरक्षित होतो तिचाच दंड. आणि हवामान बिघडून भलत्याच धावपट्टीवर उतरावे लागले तर? ब्रिटनमध्ये स्ट्रासर योजनेत सहभागी झालेले विमानतळ अशा उतरणीचे शुल्क घेत नाहीत, कारण ढगाखाली अडकलेल्या माणसाने बिलाचा विचार करत पुढे जाऊ नये. याला तिजोरीतून जवळपास काहीच लागत नाही.

सोबत आमच्या वहीची, गेल्या वर्षीच्या दोन्ही रकान्यांची प्रत जोडली आहे. गेल्या वर्षी आम्ही चौघे मिळून ४१ तास उडालो, त्याआधी ७८. आमच्या एका भागीदाराने आपला हिस्सा विकायला काढला आहे. गिऱ्हाईक मिळाले नाही तर पहिला रकाना चौघांऐवजी तिघांत वाटावा लागेल, आणि तो आकडा मी पेन्सिलीने समासात लिहून ठेवला आहे.

आपला,
एक पाव मालक