विषय: मटण बर्गरच्या पॅटीत बर्फ निघाला आणि तुमचा माणूस विचारतो किती प्यायले होते

तक्रार नंबर तुमच्याकडं आहेच, तुमच्याच माणसानं दिला आणि आज दुपारी त्यानंच 'समाधान झाले' असं लिहून बंद पण करून टाकला. माझं समाधान झालेलं नाही म्हणून हे लिहितोय, आणि कस्टमर केअरला नाही, वरच्या लोकांना लिहितोय.

शनिवारी रात्री तुमच्या छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या बारमध्ये मी आणि माझा मित्र बसलो होतो. घरापासून पाच मिनिटांवर आहे, पूर्वी तिथं साधं परमिट रूम होतं, बुर्जी आणि चकना चांगला मिळायचा, तुम्ही घेतल्यावर गोरमे बर्गरचा बोर्ड लागला. मित्राची बीडला मटणाची खानावळ आहे, वीस वर्षं झाली. त्याचा पोरगा मागं लागलाय की आपण पण बर्गर ठेवू, म्हणून हा माणूस एसटीनं तीन तास बसून खास तुमचा तो तीन बर्गरचा सॅम्पलर खाऊन बघायला आला होता. शिकायला आला होता.

पनीरचा ठीक होता. चिकनचा खरंच चांगला होता, पाव पण मऊ, मित्र म्हणला गड्या हे आपल्याला जमंल. मग मटणाचा घेतला. वरून करपलेला, मित्रानं हातानं मधोमध मोडला तर आत कच्चा गुलाबी खिमा आणि मधे बर्फ. बर्फ म्हणजे बर्फच, पांढरे कण, बोटाला गार लागत होते, माझ्याकडं तीन फोटो आहेत. मित्र म्हणला फ्रीजरमधली पॅटी तशीच कडक तव्यावर टाकली की असंच होतं, बाहेरून जळते आणि आत उष्णता पोचतच नाही. आणि तुमच्या मेनूवर काय लिहिलंय? 'रोज ताजी बनवलेली पॅटी'.

मॅनेजरला बोलवलं तर तो म्हणे सर हा मिडियम रेअर आहे, म्हणजे आतून थोडा कच्चा, गोरमे असाच असतो. मित्रानं त्याला नीट समजावलं की दादा, अख्ख्या तुकड्याचं वेगळं असतं, तिथं घाण वरच्या अंगाला असते, ती भाजताना मरते. खिमा केला की वरचं सगळं आत मिसळतं, त्यामुळं खिमा आतपर्यंत शिजवावाच लागतो. हे फक्त बीडच्या खानावळवाल्याचं म्हणणं नाही, बर्गर ज्या अमेरिकेत मोठा झाला तिथलं कृषी खातं पण सांगतं की खिम्याची पॅटी आतून 71 अंश सेल्सिअसला गेली पाहिजे. तुमच्या किचनमध्ये थर्मामीटर आहे का हे मी मॅनेजरला विचारलं, उत्तर आलं नाही, बिल आलं.

आता आजचा फोन. चार वेळा होल्डवर ठेवून शेवटी एक 'सिनियर' आला. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, तो हं हं करत होता, आणि मग एकदम विचारलं, "सर, त्या वेळी तुम्ही किती ड्रिंक घेतलं होतं?" मला आधी कळलंच नाही. म्हणलं काय? तर परत तेच, "नाही सर, कधी कधी ड्रिंकनंतर टेस्ट वेगळी लागते." अहो बिल तुमच्यासमोर उघडं आहे ना, दोन माणसं, दोन पाइंट, माझा तर अर्धा ग्लासातच राहिला. फोटोतला बर्फ पण पिऊन आला का? म्हणलं बर्फाचं बोला. तर म्हणे मॉइश्चर असेल सर. म्हणलं कण दिसतायत, तर म्हणे, "सर, मराठवाड्यात अजून गोरमे कल्चर यायचंय, तिकडं लोकांना पूर्ण शिजलेलंच लागतं." हे रेकॉर्ड होतं असं तुम्हीच सुरुवातीला सांगता, काढून ऐका एकदा.

या गावात नान खलिया शिजतो, म्हणजे मटणाचा रस्सा आणि नान. 1327 ला तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली तेव्हापासूनचा, असं इथं सांगतात. लग्नाला मोठाल्या डेगा तासन् तास मंद आचेवर असतात. मटण कधी शिजलं आणि कधी नाही हे आम्हाला तुमच्या कॉल सेंटरनं सांगायची गरज नाही. आणि बर्फ निघालेली पॅटी कुठल्याच कल्चरमध्ये खात नसतील.

बिलाचं पण सांगतो. खाणं 948 चं, त्यावर न विचारता 10 टक्के सर्व्हिस चार्ज, 94 रुपये 80 पैसे, आणि त्याच्यावर परत जीएसटी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच सांगितलंय की हा चार्ज आपोआप लावायचा नाही, मार्च 2025 ला दिल्ली हायकोर्टानं ते उचलून धरलं. मॅनेजर म्हणला सिस्टीममधून निघत नाही. मग सिस्टीम बदला ना.

मला तुमचं शंभर रुपयांचं कूपन नको, ते पण हजाराच्या वर बिल झालं तरच आणि शनिवार-रविवार सोडून. पूर्ण 1,667 रुपये परत पाहिजेत, मेनूवरचं 'ताजी' काढून टाका, आणि त्या ड्रिंकच्या प्रश्नाबद्दल लेखी माफी पाहिजे, माझी नाही, मित्राची. नाही झालं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावतो, अन्न व औषध प्रशासनाकडं फोटो देतो, आणि जिल्हा ग्राहक आयोगात जातो. 2019 च्या कायद्यानं मी राहतो तिथंच तक्रार करता येते, तुमचं हेड ऑफिस कुठंही असू द्या, आणि पाच लाखांपर्यंत फी पण लागत नाही.

त्या रात्री मित्राला बस स्टँडवर सोडायला गेलो तर तो तिथं वडापाव खाऊन गाडीत बसला. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला मीच तुमच्याकडं घेऊन आलो होतो, चांगलं मिळतं म्हणून.

आठ दिवस थांबतो. फोन करायचा असेल तर पॅटी कशी भाजतात हे माहिती असलेल्या माणसानं करा.