सकाळी सव्वासहाचा ग्रास कटर

माननीय अध्यक्ष,
रहवासी संघ, इंदूर

विषय: बगिच्यातल्या पेट्रोल मशीनचा सकाळचा आवाज

स.न.वि.वि.

पाऊस लागल्यापासून गवत भराभर वाढतंय आणि मंगळवार-शनिवार सकाळी सव्वासहाला आमच्या बाल्कनीखाली ग्रास कटर सुरू होतो. सासूबाई 82 वर्षांच्या आहेत, कानाला यंत्र लावतात. आपल्याला नकोसा होणारा आवाज त्या यंत्रातून आणखी मोठा होऊन कानात शिरतो, म्हणून कटर सुरू झाला की त्या यंत्र काढून चष्म्याच्या डबीत ठेवतात. मग त्यांना ना दूधवाल्याची बेल ऐकू येत, ना माझी हाक. गेल्या शनिवारी बाथरूमची कडी अडकली आणि त्या आतून हाका मारत राहिल्या. मी स्वयंपाकघरात होते, मला काहीच ऐकू आलं नाही. कटर थांबला तेव्हा कळलं. हातपाय गार पडले माझे.

2000 सालच्या केंद्रीय ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. सकाळी 6 वाजता दिवस सुरू होतो, म्हणून सव्वासहाची वेळ नियमात बसते असं मला सांगण्यात आलं. वेळ बसेल, पण आवाजाची मर्यादा तेव्हाही 55च आहे. त्यापेक्षा 10 डेसिबल किंवा जास्त आवाज असेल तर तक्रार करता येते. मी जुलैत केली. पोलीस आले तोवर गवत कापून झालं होतं, आणि त्यांच्याजवळ मोजायला मीटरही नव्हता. लाउडस्पीकरसाठी त्याच नियमांत वेगळी कलमं आहेत, बागेच्या मशीनचं नावही नाही. त्यामुळे ही गोष्ट ठाण्यात सुटेल असं मला वाटत नाही.

कंत्राट मात्र आपलं आहे. ऑक्टोबरमध्ये ते नव्यानं होईल तेव्हा त्यात लिहून घ्या: सकाळी 9च्या आधी आणि दुपारी 1 ते 4 मशीन चालणार नाही, आणि कटर बॅटरीवरचा असेल. नायलॉनच्या दोरीचा सूं-सूं आवाज त्यालाही असतो, पण इंजिनाची फडफड नसते. आपल्या एवढ्याशा लॉनला तो पुरेल. कुंपणाकडेच्या पट्टीला तर कात्रीही पुरे.

माळीदादा सकाळी तीन कॉलन्या करतात, म्हणून आपला नंबर पहिला लागतो, हे मला माहीत आहे. त्यांच्यावर राग नाही. इंजिन त्यांच्या पाठीशी, कानापासून हातभर अंतरावर असतं आणि कानात नुसते कापसाचे बोळे. त्यांना चांगले इअरमफ संघाच्या पैशातून घेऊन द्यावेत, माझी वर्गणी आधी धरा.

मागच्या मीटिंगमध्ये आपण म्हणालात, अर्ध्या तासाचं तर काम आहे. येत्या मंगळवारी सव्वासहाला आमच्याकडे चहाला या आणि तेवढा अर्धा तास सासूबाईंशी बोलत बसा.

आपली,
बी-विंग, पहिला मजला