आण्णा, दादाला कटरला पाणी लावायला सांगा

बाल्टिमोर, 8 फेब्रुवारी

तीर्थरूप आण्णांस,
सुमनचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

रविवारी फोनवर तुम्हाला खोकल्याची उबळ आली, आईने फोन घेतला आणि माझं सांगायचं राहून गेलं. तेच सावकाश लिहिते आहे. वाचून झालं की पत्र दादाला द्या, निम्मं त्याच्यासाठीच आहे.

इथे अजून कडक थंडी आहे. पारा साधारण 4 अंशांच्या खाली गेला की विटांच्या कामाचे नियम बदलतात. पाणी नाहीतर वाळू गरम करून विटा जोडायचा माल कालवायचा आणि दिवसाचं काम संपलं की नवी भिंत झाकायची. तुम्ही चैत्र-वैशाखात भिंतीवर ओलं गोणपाट टाकायचात, इथे गारठ्यासाठी जाड ब्लँकेट टाकतात. मालाची एक गंमत तुम्हाला आवडेल. इथे मालाचे प्रकार एम, एस, एन, ओ, के असे आहेत. मला वाटायचं, कुणी मनाला येईल ती अक्षरं दिलीत. आमच्या फोरमनने कागदावर इंग्रजीत ‘मेसन वर्क’ लिहिलं आणि एक सोडून एक अक्षराला गोल केला, तेव्हा कळलं! एम सगळ्यात कडक, के सगळ्यात मऊ. जुन्या मऊ विटांची दुरुस्ती करताना दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, मऊ मालानेच भरतात, नाहीतर माल टिकतो आणि वीट फुटते. चुन्याच्या जुन्या वाड्याला सिमेंट लावू नका, असं तुम्ही इनामदारांना सांगत होतात ते हेच.

आता मुख्य बातमी. आमच्या कंपनीने या वर्षी नवीन शिकाऊ मुलं घेतली आहेत आणि त्यांच्या प्रशिक्षणाची कागदपत्रं माझ्याकडे आहेत, म्हणून एक दिवस त्यांच्या वर्गात जाऊन बसले. इथे गवंड्याचं काम शिकायला तीन-चार वर्षं लागतात. दिवसा साइटवर पगारी काम, शिवाय वर्षाला साधारण 144 तास वर्ग. टप्पा पुरा झाला की पगार वाढतो. तुम्ही किती वर्षं घमेली वाहिलीत, मग कुठे मिस्त्रींनी थापी हातात दिली, ते मला तिथे बसल्या बसल्या आठवत होतं. वर्गातल्या मालात सिमेंट नसतं, नुसता चुना आणि वाळू. मुलं भिंत उभी करतात, शिक्षक ओळंबा आणि लेव्हल लावून बघतात, मग भिंत उतरवायची, विटा खरवडायच्या आणि परत पहिला थर. एकोणीस वर्षांच्या एका पोराचा कोपरा तीनदा उतरवला. चौथ्यांदा सूत लागलं तेव्हा त्याने सगळ्यांना बोलावून दाखवलं. हात तुमच्यासारखेच, बोटांच्या पेरांना चुन्याने चिरा पडलेल्या.

पण त्या पोराला थापीच्या आधी शिकवली होती ती धूळ. आण्णा, मला बोलायचं आहे ते या धुळीबद्दल.

वीट, ब्लॉक, फरशी, दगड या सगळ्यांत सिलिका, म्हणजे वाळूतलंच खनिज, असते. कोरडं कापलं की तिची इतकी बारीक पूड होते की डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, आणि ती फुप्फुसात खोल जाऊन बसते. तिथे व्रण होतात, ते परत भरून येत नाहीत. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. अमेरिकेच्या कामगार खात्यातल्या ओशा या विभागाने बांधकामावर 23 सप्टेंबर 2017 पासून नियम लागू केला. आठ तासांच्या पाळीत हवेच्या एका घनमीटरमागे सरासरी 50 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सिलिका असता कामा नये. आमच्या साइटवर वीट कापायच्या मशीनला पाण्याची नळी जोडलेलीच असते, पात्यावर सतत धार पडते आणि धुरळ्याऐवजी राड खाली येते. दरजा खरवडायच्या ग्राइंडरला झाकण आणि त्याला मोठा व्हॅक्यूम. कोरडा झाडू मारायचा नाही, कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकायचे नाहीत.

तो कपड्यांचा नियम वाचला तेव्हा मी थांबलेच. तुम्ही घरी आलात की अंगणात शर्ट काढून दोरीवर आपटायचात आणि आम्ही दोघं त्या पांढऱ्या ढगातून पळायचो. तुमच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. आई म्हणायची, म्हातारे दिसता. कुणालाच माहीत नव्हतं हो.

दादासाठी: तू हल्ली ओट्याची कामं घेतोस, त्यात क्वार्ट्झच्या पाट्याही असतात असं वहिनी म्हणाली. तो कारखान्यात बनवलेला दगड असतो आणि त्यात नव्वद टक्क्यांच्या वर सिलिका असू शकते, ग्रॅनाइटपेक्षा बरीच जास्त. पाट्या कापणारी तरुण मुलं आजारी पडू लागली म्हणून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून तो दगड वापरायलाच बंदी केली. तुझ्याकडचा बबन बंद खोलीत तोंडाला रुमाल बांधून कोरडा कटर चालवतो, हे मी गणपतीत आले तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. रुमालाने ही धूळ अडत नाही. पाण्याची जोडणी असलेला कटर घे, तो अर्थिंग असलेल्या आणि करंट गळाला की बंद पडणाऱ्या स्विचवरच चालव, आणि शक्यतो कापायचं काम उघड्यावर कर. मास्क चेहऱ्याला घट्ट बसणारा हवा. दाढी असली की फटीतून धूळ आत जाते, म्हणून इथे मास्क लावणाऱ्याला दाढी करूनच यावं लागतं. कटरच्या पैशांचं मी बघते, त्यावरून वाद नको.

आणि आण्णा, तुम्ही छातीचा एक्स-रे काढाच. फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजतात, तीही तपासणी करून घ्या. इथे ज्याला वर्षात 30 दिवस किंवा जास्त या नियमाखाली मास्क लावावा लागतो, त्याला मालकाने निदान दर तीन वर्षांनी ही तपासणी फुकट द्यावी लागते. तुमची एकदाही झालेली नाही. डॉक्टरांना नुसतं ‘खोकला आहे’ म्हणू नका. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, दगड घडवला, कोरडी कापणी केली, हे आपणहून सांगा. एक्स-रेमध्ये हे डाग टीबीसारखे दिसू शकतात, आणि सिलिकाने खराब झालेल्या फुप्फुसाला टीबी लवकर धरतो, म्हणून थुंकीही तपासायला द्या. शेजारच्या तात्यांना दोनदा टीबीचा कोर्स झाला, पण काम काय करता हे कुणी विचारलंच नाही. ते माझ्या मनातून जात नाही.

बबनची आणि बाकीच्या पोरांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी झाली आहे का? वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो दादानेच द्यायचा आहे. या महिन्यात करून टाका.

एक्स-रे काढला की उजेडासमोर धरून दादाला फोटो काढायला सांगा आणि मला पाठवा. इथे आमच्या कामगारांना तपासणाऱ्या डॉक्टरबाई आहेत, त्यांना दाखवते. बुधवारी कराडला जाणार आहातच, तेव्हाच जा. आईला नमस्कार, चिनूला पापा.

तुमची,
सुमन